कितीपैकी किती?

मेलबर्नमध्ये शिकत असताना माझ्या प्रबंधाचा पहिला आराखडा मार्गदर्शक बाईंनी परत दिला, तेव्हा त्यावर लाल शाईची एकही रेघ नव्हती. समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात, एकच प्रश्न ठिकठिकाणी लिहिलेला होता. मी लिहिलं होतं, 'बहुतेक कच्च्या कैद्यांना जामिनाची प्रक्रिया कळतच नाही.' समासात प्रश्न. 'ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी स्त्रियांना वारंवार कोठडीत ठेवलं जातं.' पुन्हा तोच प्रश्न. इंग्रजीत त्याला दोन-तीन शब्द लागतात. मराठीत आपण एका शब्दात विचारतो: कितीपैकी?

मला तेव्हा राग आला होता. माणसं आत खितपत पडली आहेत आणि बाईंना अपूर्णांकांची पडली आहे, असं वाटलं. वर्ष सरेपर्यंत मात्र पटलं की या विषयात कळकळीने उतरलेल्या माणसाने आधी शिकायला हवं ते हेच. अंश तर कुणीही लिहितं. त्याच्याखालचा छेद शोधायला वर्ष जातं. माझं ते वर्ष गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयातलं ऑनर्सचं होतं. हे वर्ष म्हणजे नेमकं काय, त्यात काय करतात, असं हल्ली बरीच मुलं विचारतात. आता आपल्याकडेही पदवीचं चौथं वर्ष आलं आहे, त्यामुळे हा प्रश्न परदेशी जाणाऱ्यांपुरता राहिलेला नाही.

'ऑनर्स' या शब्दाने आपला गोंधळ होतो. दिल्लीकडे बी.ए. ऑनर्स म्हणजे आतापर्यंत एका विषयावर भर असलेली तीन वर्षांची पदवी होती. पुण्या-कोल्हापूरकडे आपण त्यालाच 'स्पेशल' म्हणत आलो: 'माझा स्पेशल मराठी', 'तिचा स्पेशल इकॉनॉमिक्स'. ऑस्ट्रेलियात कला आणि समाजशास्त्रांच्या शाखांत मात्र तीन वर्षांची पदवी हातात पडल्यावर वेगळा अर्ज करून जे चौथं वर्ष करतात, ते ऑनर्स. तिथल्या राष्ट्रीय पात्रता चौकटीत साधी पदवी सातव्या पायरीवर आहे, ऑनर्स आठव्या, मास्टर्स नवव्या आणि पीएच.डी. दहाव्या. वर्ष फेब्रुवारी-मार्चला सुरू होतं आणि बहुधा ऑक्टोबरच्या अखेरीस प्रबंध सादर करावा लागतो. प्रबंध विद्यापीठागणिक दहा ते वीस हजार शब्दांचा असतो, सोबत सिद्धान्त आणि संशोधनपद्धती यांचे दोन-तीन अभ्यासक्रम. प्रवेशाला साधारण 70 ते 75 टक्के सरासरी मागतात. तिथे गुण हात आखडून देतात, त्यामुळे हे 75 म्हणजे आपल्याकडचे 75 नव्हेत. अनेक विद्यापीठांत 80 च्या वर गेलात तर 'फर्स्ट क्लास ऑनर्स' मिळतो आणि त्या बळावर मास्टर्स न करता थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. खरी अडचण गुणांची नसतेच. तुमच्या विषयात रस असलेला आणि तुमच्यासाठी आठ महिने वेळ काढायला तयार असलेला मार्गदर्शक आधी गाठावा लागतो.

आणखी एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. 'गुन्हेशास्त्र' म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे हातमोजे घालून रक्ताचे डाग तपासणारी मुलगी येते. ते काम न्यायसहायक विज्ञानाचं. त्याच्या प्रयोगशाळा, रसायनं, पदव्या सगळं वेगळं आहे. गुन्हेशास्त्र समाजाकडे बघतं. कोणत्या कृत्याला गुन्हा म्हणायचं हे कोण ठरवतं, पोलीस कुणाला हटकतात, कुणाला जामीन मिळतो, शिक्षेने नेमकं काय साधतं, ज्याच्यावर गुन्हा झाला त्याच्या पदरात काय पडतं, हे त्याचे प्रश्न. ऑस्ट्रेलियात हा विषय तसा जुना आहे. मेलबर्न विद्यापीठात गुन्हेशास्त्राचा विभाग 1951 मध्ये सुरू झाला. न्यू साउथ वेल्स राज्याने गुन्ह्यांच्या आकडेवारीसाठी आणि संशोधनासाठी 1969 मध्ये स्वतंत्र कार्यालय काढलं. देशपातळीवरची ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिमिनॉलॉजी 1973 ची. ही पदवी घेऊन मुलं वकील होत नाहीत किंवा थेट पोलिसातही जात नाहीत. ती अशा आकडेवारीच्या कार्यालयांत, बालगुन्हेगारांसाठीच्या सेवांत, तुरुंग प्रशासनात, पीडितांना मदत करणाऱ्या संस्थांत आणि धोरण आखणाऱ्या खात्यांत जातात.

ऑनर्सला येणारा प्रत्येक जण मोठा प्रश्न घेऊन येतो. माझा होता, 'तुरुंगात गरीबच का असतात?' बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, हा आयुष्यभराचा प्रश्न आहे, आपल्याकडे फेब्रुवारी ते ऑक्टोबर एवढाच वेळ आहे. मी म्हटलं, तुरुंगात जाऊन वीस कैद्यांशी बोलते. त्यावर त्यांनी माझ्यासमोर अर्जांची चळत ठेवली.

माणसांवर संशोधन करायचं तर ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय नीतिनिवेदन पाळावं लागतं. त्यात वेळोवेळी भर पडत आली आहे. विद्यापीठाची नीतिसमिती तुमचा अर्ज वाचते, प्रश्न विचारते, परत पाठवते. कैद्यांशी बोलायचं असेल तर तुरुंग खात्याची आणि त्यांच्या समितीचीही परवानगी लागते. त्यातच अर्धं वर्ष सहज जातं, म्हणून ऑनर्सच्या मुलांना त्या वाटेला जाऊ देत नाहीत. सुरुवातीला हा सगळा कागदी घोड्यांचा प्रकार वाटला. मग अर्जातला एकेक प्रश्न खरोखर वाचायला लागले. कैदी 'हो' म्हणाला तर ते 'हो' कितपत खरं, जेव्हा त्याच्या कोठडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात आहे? मुलाखतीला येणं म्हणजे तासभर कोठडीबाहेर बसायला मिळणं. ही लालूच ठरते का? बोलताबोलता त्याने पोलिसांना माहीत नसलेल्या एखाद्या गुन्ह्याची कबुली दिली तर तुम्ही काय कराल? तुमच्या वह्या न्यायालयाने मागवल्या तर? 'तुमचं नाव कुठेही येणार नाही' असं वचन तुम्ही देता, ते पाळण्याची कायदेशीर ताकद तुमच्यात आहे का?

या शेवटच्या प्रश्नावर मी बराच वेळ थांबले. ती ताकद माझ्यात नव्हती. बावीस वर्षांची मुलगी चांगल्या हेतूने जाते, एखाद्याचं मन मोकळं करून घेते आणि नकळत त्याच्या खटल्याला धोका निर्माण करते, हे घडू शकतं. मूळनिवासी समाजांवरच्या संशोधनाला तर नियम आणखी कडक आहेत, कारण त्यांची मोजमापं, फोटो, वंशावळी पिढ्यान्पिढ्या त्यांना न विचारता नेल्या गेल्या. आपल्याकडच्या समाजशास्त्राच्या वर्गांत प्रश्नावली घेऊन वस्तीत पाठवताना हे कुणी आम्हाला शिकवलं नव्हतं. शिकवायला हवं.

तुरुंगाचं दार बंद झाल्यावर मुलं सगळ्यांना खुल्या असलेल्या गोष्टींकडे वळतात. कुणी शिक्षा सुनावतानाची न्यायाधीशांची भाष्यं वाचतं. ऑस्ट्रेलियातले निकाल 1995 पासून ऑस्टलीआय या मोफत संकेतस्थळावर मिळतात. कुणी विधिमंडळातली भाषणं तपासतं, कुणी वर्तमानपत्रं. मी न्यायालयात जाऊन बसायचं ठरवलं. फौजदारी न्यायालयं जनतेला खुली असतात. मी खालच्या कोर्टातल्या जामिनाच्या सुनावण्या निवडल्या आणि प्रश्न इतका लहान केला की आधी लाज वाटली: तुरुंगातून व्हिडिओद्वारे हजर केलेला आरोपी सुनावणीत स्वतः बोलतो का, आणि बोलला तर कशाबद्दल?

दारात बॅग तपासतात. कोर्टरूममध्ये शिरताना आणि बाहेर पडताना मॅजिस्ट्रेटच्या दिशेने मान लववायची असते. ते अंगवळणी पडायला दोन दिवस लागले. मागच्या बाकावर बसायचं, रेकॉर्डिंग करायचं नाही, वहीत लिहायचं. वहीत मी रकाने आखले होते: सुनावणी सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, आरोपी प्रत्यक्ष की पडद्यावर, बोलला का, कुणी विचारल्यावर की आपणहून, विषय कोणता. विषयांचे रकाने आधीच ठरवलेले होते: प्रकृती, वकील, आरोप, तारीख, आणि शेवटी 'इतर'.

एका सकाळी भिंतीवरच्या पडद्यावर एक मध्यमवयीन माणूस दिसत होता. तुरुंगातली लहानशी खोली, मागे फिकट भिंत, कॅमेरा जरा वर लावलेला, त्यामुळे तो सतत वर बघतोय असं वाटे. वकील बोलले, सरकारी पक्ष बोलला, मॅजिस्ट्रेटने तारीख दिली. एवढ्यात त्या माणसाने शाळेत करतात तसा हात वर केला. मॅजिस्ट्रेटने बघितलं आणि विचारलं, काही सांगायचंय का? तो म्हणाला, माझ्या कुत्र्याला खायला कोण घालतंय हे कुणी मला सांगेल का? कोर्टात क्षणभर कुणी बोललं नाही. मग वकील म्हणाले की शेजाऱ्यांना फोन करून कळवतो. पडदा काळा झाला, पुढचं नाव पुकारलं गेलं. मी 'बोलला का' या रकान्यात 'हो' लिहिलं, 'आपणहून' लिहिलं, आणि विषयाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. शेवटी 'इतर'मध्ये खूण केली.

त्या संध्याकाळी बाईंना मी हे सांगितलं तेव्हा माझा आवाज भरून आला होता. त्यांनीही ते मनापासून ऐकलं. मग विचारलं, असे किती? आणि कितीपैकी? एक माणूस आणि त्याचा कुत्रा वाचकाला हलवून सोडेल, पण हे रोज घडतं की वर्षातून एकदा, हे सांगितलं नाहीस तर वाचकाला तू फक्त हलवलंस, काही कळवलं नाहीस.

हा प्रश्न म्हणजे बाईंची वैयक्तिक सवय नव्हती. त्या देशातल्या गुन्हेशास्त्राचा एक मोठा धडा त्यामागे आहे. 1980 च्या दशकात मूळनिवासी माणसं पोलीस कोठडीत आणि तुरुंगात मरत असल्याच्या बातम्या एकामागून एक आल्या. कुटुंबं रस्त्यावर उतरली. 1987 मध्ये राष्ट्रीय चौकशी आयोग नेमला गेला. त्याने 1980 ते मे 1989 या काळातल्या 99 मृत्यूंची एकेक करून चौकशी केली आणि 1991 मध्ये 339 शिफारशी केल्या. सगळ्यांना वाटत होतं की कोठडीत मूळनिवासी माणूस इतरांपेक्षा जास्त प्रमाणात मरतो. आयोगाने छेद बदलून बघितला. कोठडीतल्या दर शंभर मूळनिवासींमागे होणारे मृत्यू कोठडीतल्या दर शंभर इतरांमागे होणाऱ्या मृत्यूंपेक्षा जास्त नव्हते. मग एवढे मृत्यू का? कारण कोठडीत टाकली जाणारी मूळनिवासी माणसंच त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने प्रचंड जास्त होती. कोठडीत त्यांची काळजी घेण्यात ठिकठिकाणी कसूर झाली होती आणि तीही आयोगाने नोंदवली. पण आकड्यांनी बोट दाखवलं ते आणखी मागे: हा माणूस मुळात आत आलाच का?

काहींना हा निष्कर्ष सरकारला सोडवणारा वाटला. मला तो उलट अधिक कठोर वाटतो. एखादा क्रूर जेलर दोषी असता तर त्याला काढून काम भागलं असतं. इथे दारूच्या नशेत रस्त्यावर पडलेल्या माणसाला कोठडीत टाकण्यापासून लहान दंड न भरल्याबद्दल आत घालण्यापर्यंत सगळी साखळीच दोषी ठरली. आयोगाचा अहवाल आला तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या तुरुंगांत मूळनिवासी कैदी सुमारे 14 टक्के होते. आज ते एक तृतीयांशाहून अधिक आहेत आणि देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा जेमतेम 4 टक्के आहे. साखळी तुटली नाही, लांबली. ऑनर्सच्या पहिल्या आठवड्यांतच हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले जातात आणि नंतर वर्षभर डोक्यातून जात नाहीत.

दुसरं उदाहरण आपल्या घरातलं आहे. 2009 मध्ये मेलबर्नमधल्या भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले होत असल्याच्या बातम्यांनी इकडे घरोघरी झोप उडवली होती. मे महिन्याच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी शहराच्या मध्यवर्ती चौकात ठिय्या दिला. जानेवारी 2010 मध्ये एका भारतीय तरुणाचा खून झाला. इकडे एकच प्रश्न होता: तिकडचे लोक वंशद्वेष्टे आहेत का? तिथल्या सरकारचं एकच उत्तर होतं: आमचा देश सुरक्षित आहे. दोन्हींखाली छेद नव्हता. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिमिनॉलॉजीने मग 2005 ते 2009 या वर्षांतल्या चार लाखांहून अधिक परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाच्या नोंदी पोलिसांकडच्या तक्रारदारांच्या नोंदींशी जुळवल्या आणि 2011 मध्ये अहवाल दिला. मारहाणीच्या बाबतीत परदेशी विद्यार्थ्यांचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येइतकं किंवा त्याहून कमी निघालं. लुटीच्या बाबतीत मात्र मोठ्या राज्यांत भारतीय विद्यार्थ्यांचं प्रमाण सरासरीपेक्षा जास्त होतं.

यापुढचं पाऊल मला फार शिकवून गेलं. सरासरीशी तुलना केली खरी, पण रात्री दोन वाजता रस्त्यावर कोण असतं? सरासरी माणूस घरी झोपलेला असतो. पेट्रोल पंपावर, चोवीस तास उघड्या दुकानात, शेवटच्या लोकलमध्ये आणि टॅक्सीत असतो तो फीचे पैसे जमवणारा विद्यार्थी. भारतीय विद्यार्थ्यांवरचे बरेच गुन्हे अशाच ठिकाणी घडल्याचं अहवालात दिसलं. म्हणजे योग्य छेद अख्खी लोकसंख्या नव्हे, रात्रपाळीला घराबाहेर असलेली माणसं हा आहे. यातून वंशद्वेष नव्हता असं सिद्ध होतं का? नाही. हल्लेखोराच्या मनात काय होतं हे पोलिसांच्या नोंदवहीत नसतं, आणि अहवालानेही ते स्पष्ट म्हटलं होतं. शिवाय परदेशी मुलालाच रात्रपाळीचं काम का करावं लागतं, हा प्रश्न उरतोच. पण आता तो प्रश्न नेमका झाला, त्यावर काही करता येण्याजोगा झाला: रात्रीच्या गाड्यांत सुरक्षा, एकट्या कामगाराचं संरक्षण, स्वस्त निवास.

कधी कधी छेद बरोबर असूनही मोजण्याची वेळ दगा देते. एसटी स्टँडवर रात्री बारा वाजता माणसं मोजली तर स्टँड मुक्कामाला आलेल्यांनीच भरलेला दिसेल. दिवसभरात दहा मिनिटं थांबून गेलेले हजारो प्रवासी त्या मोजणीत येणारच नाहीत. तुरुंगाची मोजणी अशीच एका दिवसाची असते: ऑस्ट्रेलियात 30 जूनची, आपल्याकडे 31 डिसेंबरची. 31 डिसेंबर 2022 ला भारतातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे 75.8 टक्के. आकडा अंगावर येणारा आहे आणि खरा आहे. पण वर्षभरात किती माणसं चार-आठ दिवसांसाठी आत जाऊन बाहेर आली, ते या चित्रात नाही. आणि चार-आठ दिवसांतही माणसाची नोकरी जाते, खोली जाते, घरातलं मूल नातेवाइकांकडे जातं. ऑस्ट्रेलियातही अलीकडे पाचांतले जवळपास दोन कैदी शिक्षा न झालेले असतात.

गुन्ह्यांच्या आकड्यांचंही तसंच. आपल्याकडे एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तरी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयाच्या मोजणीत त्यातला सर्वांत गंभीर गुन्हाच धरला जातो. बलात्कार आणि खून एकत्र असतील तर मोजणीत खून येतो. हे माहीत नसलेला माणूस तक्ता वाचून भलतंच काही छातीठोकपणे सांगतो. अमली पदार्थ बाळगण्याचे गुन्हे वाढले, याचा अर्थ व्यसन वाढलं असा नसून पोलिसांनी जास्त झडत्या घेतल्या असाही असू शकतो.

छेदाशिवाय कायदे केले की काय होतं, हे व्हिक्टोरिया राज्याच्या जामीन कायद्यात दिसतं, आणि माझ्या प्रबंधाला त्याचीच पार्श्वभूमी होती. जानेवारी 2017 मध्ये जामिनावर असलेल्या एका माणसाने मेलबर्नच्या बर्क स्ट्रीटवर लोकांच्या अंगावर गाडी घातली, सहा जण गेले. संताप योग्यच होता. 2018 मध्ये कायदा कडक झाला आणि अनेक प्रकरणांत जामीन का द्यावा हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर पडली. जामिनावरच्या हजारो माणसांपैकी असं किती जण करतात, हा प्रश्न त्या संतापात हरवला. डिसेंबर 2019 च्या शेवटी दुकानातून वस्तू उचलल्याच्या संशयावरून एका मूळनिवासी महिलेला पकडण्यात आलं. तिला जामीन मिळाला नाही आणि जानेवारी 2020 च्या दुसऱ्या दिवशी ती महिला तुरुंगात मरण पावली. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरने 2023 मध्ये कायद्यावर कडक ताशेरे ओढले, मार्च 2024 पासून कायदा काहीसा सैल झाला, आणि 2025 मध्ये तरुणांच्या गुन्ह्यांवरून ओरड झाल्यावर पुन्हा कडक. दर वेळी कायदा एका घटनेने हलला. गेलेल्या प्रत्येक जिवाची किंमत मी जराही कमी लेखत नाही. पण कायदा हजारोंना लागू होतो.

सिद्धान्ताच्या तासाला मला सर्वांत आवडलेली गोष्ट कॅनबेराची. जॉन ब्रेथवेट या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने 1989 च्या पुस्तकात मांडलं की लाज दोन प्रकारची असते. एक माणसाला कायमचा बाहेर काढते, दुसरी कृत्याला धिक्कारते आणि माणसाला परत घेते. गावकीने वाळीत टाकणं आणि आजीने रागावून मग ताटावर बसवणं, यातला फरक आपल्याला सांगावा लागत नाही. पण तिथल्या अभ्यासकांनी हे पडताळून पाहण्यासाठी 1995 ते 2000 मध्ये कॅनबेरात प्रयोग केला. खटल्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली: काही नेहमीप्रमाणे कोर्टात, काही आरोपी, पीडित आणि दोघांच्या घरच्यांच्या बैठकीत. हिंसाचार केलेल्या तरुणांत बैठकीनंतर पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण ठळकपणे कमी झालं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांत उपयोग झाला नाही, उलट प्रमाण किंचित वाढलं. त्या गुन्ह्यात समोर बसायला जखमी माणूसच नसतो, हे एक कारण सांगतात. आवडत्या कल्पनेच्या विरुद्ध गेलेला निकालही त्यांनी छापला, याने माझ्या मनात त्या विद्येबद्दल आदर निर्माण झाला.

मी मूळची सोलापूरची. आमच्या शहरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. लहानपणी तो फक्त रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता होता. ऑनर्सच्या वाचनात 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा समोर आला आणि तो पत्ता पहिल्यांदा कळला. इंग्रज सरकारने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, त्यांची नोंदणी केली, हजेरी लावली, तारेच्या कुंपणाआड वसाहती केल्या. पारधी, कैकाडी, भाट, मांग गारुडी अशी किती नावं. इथे तर हिशेबच उलटा केला होता: आधी सगळ्या छेदालाच गुन्हेगार म्हणायचं, मग मोजायला काही उरतच नाही. 31 ऑगस्ट 1952 ला या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. आजही चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी जीप जाते, आणि जिथे आधी शोधलं जातं तिथेच आधी सापडतं. मेलबर्नच्या ग्रंथालयात बसून मी आमच्या गल्लीपासून दोन किलोमीटरवरच्या वस्तीचा इतिहास वाचत होते, याचं मला फार वाईट वाटलं.

आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडेही चार वर्षांची पदवी आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यात 160 क्रेडिट्सवर ऑनर्स पदवी आहे. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक गुण असतील तर 'संशोधनासह ऑनर्स' घेता येतं, त्यात 12 क्रेडिट्सचा संशोधन प्रकल्प असतो. गुन्हेशास्त्राचा स्वतंत्र विभाग फार थोड्या ठिकाणी आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत तो आहे, आणि त्याच संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून तुरुंगांत आणि कोठड्यांत प्रत्यक्ष काम करतो. पण समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र, कायदा यांच्या चौथ्या वर्षात असे प्रबंध करता येतात. ज्यांना परदेशी जायचंय त्यांनी हे लक्षात ठेवावं की आपली तीन वर्षांची पदवी तिथल्या ऑनर्सला थेट चालेलच असं नाही. ते त्या त्या विद्यापीठाला विचारूनच ठरवावं.

मी आता पुण्यात संशोधनपद्धती शिकवते. मुलांना सांगते, जिल्हा न्यायालयात जाऊन बसा. आपल्याकडेही फौजदारी न्यायालय खुलं असतं, फक्त न्यायाधीशांच्या परवानगीने आणि अदबीने जायचं. एकच प्रश्न घ्या, लहानसा. रिमांडच्या वेळी आरोपीला स्वतःचा वकील असतो का? पुढची तारीख पडण्याचं कारण काय सांगितलं जातं? जामीन मिळूनही जामीनदार नसल्याने किती जण आत राहतात, आणि कितीपैकी? एका विद्यार्थिनीने मागच्या आठवड्यात वही आणून दाखवली. रकाने स्वच्छ आखलेले होते आणि सर्वांत शेवटी 'इतर'. मी तिला म्हटलं, तो रकाना जरा रुंद ठेव.

माझ्या प्रबंधात ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी तेच केलं होतं. हाती तीन आठवडे असताना 'इतर'मधल्या सगळ्या नोंदी पुन्हा काढून वेगळ्या कागदावर लिहिल्या. आईला कळवलं का. मुलीला शाळेतून कोण आणतं. खोलीचं भाडं. औषधं घरीच राहिली. कुत्रा. सगळ्या सुनावण्यांपैकी त्या थोड्याच होत्या आणि तसं मी आकड्यांत लिहिलं. पण आरोपी आपणहून बोलला अशा नोंदी तेवढ्या बाजूला काढल्या, तर त्यांत 'इतर'चा रकाना बाकी सगळ्या रकान्यांहून भरलेला होता. बाईंनी तो कागद बराच वेळ बघितला. पेन्सिल उचलली नाही. मग विचारलं, याला नाव काय देशील? मी 'इतर' खोडलं आणि लिहिलं: 'घरी कोण आहे?'